कोरडं पिंप

काट्यानं पिंपाला भोक पाडलं सकाळी पावणेआठला. ते भोक त्याच्या स्वतःच्या पोटात जाऊन पडलं साडेदहाला. मधले पावणेतीन तास त्याच्यासारखा सुखी माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नव्हता.

काटा हे त्याचं टोपणनाव. वीस वर्षं तो बाजारात मालाच्या वजनकाट्यापाशी उभा होता, म्हणून काटा. वजन वाढवायला कुणी कापसाच्या गाठीवर पाणी मारलेलं असो नाहीतर भंगाराच्या ढिगावर, काट्याच्या नाकाला ते फाटकातच कळायचं. एकदा म्हणे त्यानं एका दलालाला नुसतं खालीवर बघून सांगितलं होतं, की तुम्ही सकाळपासून दोन तांबे पाणी जास्त प्यायलात. दलालानं घरी जाऊन बायकोला विचारलं, तर खरंच दोन तांबे. आता एवढं कौतुक झालं की माणसाचं नाक वर जातं, आणि नाक वर गेलं की पायाखालचं दिसत नाही. एका बड्या व्यापाऱ्याचा चांगला कोरडा ठणठणीत माल त्यानं चारचौघांत ओला ठरवला. पोती फोडली, तर आत धूळ. त्या दिवशी काट्याची नोकरी गेली. थोरल्या भावानं त्याला आपल्या कारखान्यात घेतलं, पण फाटकातच थांबवून सांगितलं, "ही शेवटची जागा. इथं घोळ घातलास तर भाऊ म्हणून हाक मारू नकोस." थोरला कमी बोलायचा आणि बोललेलं मोडायचा नाही. लहानपणापासून काटा वाघाला भ्यायचा तो थोरल्याशी तुलना करून. म्हणजे वाघाला जरा कमीच.

कारखाना तसा जगावेगळा. तिथं म्हातारे धातू तरुण व्हायचे. तेल घट्ट करायच्या कारखान्यांत निकेलची बारीक भुकटी वापरतात. तिला म्हणतात उत्प्रेरक. म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ समजा: दुसऱ्या दोघांची गाठ मारून देतो, स्वतः ब्रह्मचारीच राहतो. पण शंभर लग्नं जमवली की मध्यस्थही थकतो, अंगावर मळ चढतो, मग कुणी विचारत नाही. अशी थकलेली भुकटी पिंपांतून इथं यायची. पहिल्या टाकीत आम्लात ती विरघळायची आणि पाणी हिरवंगार व्हायचं. ते हिरवं पाणी दुसऱ्या टाकीत घ्यायचं, पत्रे सोडायचे, करंट द्यायचा, की निकेल गुपचूप पत्र्यावर येऊन बसायचं, नवंकोरं. धुराडं नाही, भट्टी नाही. छतभर काळ्या काचा आणि मागच्या टेकाडावर दोन पवनचक्क्या, एवढ्यावर सगळा संसार. म्हणून इथलं घड्याळ भिंतीवर नव्हतं, वर होतं. थोरला छतावर काचा पुसायचा आणि ऊन भरात आलं की वरून ओरडायचा. मग खाली पिंपं ओतायची.

खालचा कारभार वहिनीचा. रसायनं तिनं शिकलेली, टाक्या तिनं बांधवलेल्या, आणि काट्याला इथं आणा असं थोरल्याला सांगणारीही तीच. तिसरा माणूस म्हणजे वहिनीचा भाऊ. तो क्रेन चालवायचा. मुलांचा मामा, म्हणून सगळ्यांचाच मामा.

तर त्या सकाळी अकरा पिंपं उतरली. काट्याचा कामाचा पहिला दिवस. त्यानं एक पिंप कलतं करून पाहिलं आणि त्याचं नाक फुललं. आत पाणी! भुकटीच्या वर चांगलं वीतभर पाणी डुचमळत होतं. वीस वर्षं ज्या चोराच्या मागे तो होता, तो चोर आज आपल्याच भावाच्या दारात येऊन उभा राहिला होता. कुणाला काही विचारायची गरजच नव्हती. त्यानं एक पिंप अंगणात ओढलं, तळाशी खिळ्यानं भोक पाडलं आणि पाणी गटारात सोडलं. साडेतीन बादल्या, त्यानं मोजल्या. मग भोकात साबणाचा गोळा दाबला, पिंपावर खडूनं फुली मारली, झाकण सैल केलं आणि उन्हात वाळत ठेवलं. दुपारी सगळ्यांसमोर कोरडं वजन करून दाखवायचं, आणि मग थोरल्यानं पाठीवर थाप मारायची. ती थाप कुठल्या खांद्यावर पडेल हेही त्यानं ठरवून टाकलं.

साडेदहाला चहा झाला. वहिनी म्हणाली, "भावजी, तुम्ही नवीन आहात, तर एक गंमत दाखवते." एका बरणीत पाण्याखाली काळा गाळ होता. त्यातला चिमूटभर तिनं चिमट्यानं उचलला, टीपकागदावर पसरला आणि कागद खिडकीच्या दगडावर ठेवला. म्हणाली, चहा संपेपर्यंत त्याच्याकडे नुसतं बघायचं.

काटा बघत बसला. आधी कागदावरची ओल आक्रसली. मग गाळाची कड करडी झाली. काट्यानं तिसरा घोट घेतला तेव्हा त्या कडेवरून धुराची एक रेघ निघाली, केसाएवढी. काडी नाही, ठिणगी नाही, कुणी फुंकर घातली नाही. चौथ्या घोटाला गाळ आतून लाल झाला आणि कागदाला भोक पडलं. भोक मोठं होत गेलं, आणि दगडावर कागदाच्या जागी काळी कुरळी राख उरली.

"हे पाण्याखाली आहे तोवर गरीब गाय," वहिनी म्हणाली. "कोरडं झालं आणि हवा लागली की संपलं. पिंपात पाणी भरून पाठवतात ते एवढ्यासाठी. आणि आपल्या टाकीवर सतत पेट घेणारा वायू सुटत असतो. पंखे तो ओढून नेतात, पण ठिणगी पडली तर पंखे काय करणार."

काट्यानं कपबशी खाली ठेवली.  मग जमेल तेवढ्या सहजपणे विचारलं, समजा एखाद्या शहाण्यानं पाणी ओतूनच दिलं तर?

"तर त्या शहाण्यानं झाकणाला हात लावायचा नाही, पिंप हलवायचं नाही आणि सगळ्यात आधी मला हाक मारायची. पुढचं मी बघेन."

"पुढचं म्हणजे त्याच्या बायकोला कळवायचं," मामा म्हणाला आणि बिस्किट चहात बुडवून खाल्लं.

आता हाक मारायची ती वहिनी हातभर अंतरावर बसलेली. काट्यानं तोंड उघडलंसुद्धा. पण तेवढ्यात छतावर थोरल्याच्या पावलांचा आवाज झाला, डोक्यावरून इकडून तिकडे, आणि उघडलेल्या तोंडाचं काय करायचं म्हणून काट्यानं जांभई दिली. वहिनी उठली. बाराला ऊन भरेल, अकराही पिंपं आजच ओतून टाकू, असं म्हणाली. पोटात दुखतंय असं सांगून काटा अंगणात गेला. ते मात्र खोटं नव्हतं.

अंगणात पिंप नव्हतं.

मामाची एक सवय होती. पिंपं आत घ्यायच्या आधी तो त्यांना पाइपनं अंघोळ घालायचा, वरची धूळ आत नको म्हणून. त्या अंघोळीत खडूची फुली गेली. एका पिंपाचं झाकण सैल दिसलं, तेही त्यानं चावीनं गच्च आवळलं, 'कोण हा गाढव' असं पुटपुटत. आणि अकराही पिंपं गोदामात भिंतीला खेटून, एकमेकांना चिकटवून उभी केली. सगळी निळी, सगळी ओली, सगळी सारखी. कुणाचाही तळ दिसत नव्हता.

काटा दारात उभा राहिला. माळावर अकरा बैल बसलेले असावेत, त्यांतला एक वाघ असावा आणि सगळ्यांनी तोंडं भिंतीकडे केलेली असावीत, तसं त्याला वाटलं. छताच्या फटीतून ऊन येत होतं. ज्या घराच्या पोटाला ऊन लागतं त्या घरचा माणूस कधी ढग मागत नाही, पण काट्यानं मागितला. लहानसा चालेल म्हणाला, बायकोच्या ओढणीएवढा. आकाशात चिटपाखरूही नव्हतं.

शेवटी त्याला त्याचा धंदाच आठवला. पिंपाच्या काठाला दोन बोटं लावून बोटभर कलतं केलं की आत काय आणि किती, हे त्याला कळायचं. वहिनीनं हलवू नका म्हटलं होतं. पण कुठलं हलवायचं नाही हे कळायला आधी सगळी हलवणं भाग होतं. त्यानं पहिल्याला बोटं लावली. पिंप डुबुक् म्हणालं. आत पाणी. काट्यानं इतका मोठा श्वास सोडला की समोरच्या जाळ्यातला कोळी दोरीवरून घसरला. दुसरं डुबुक्. तिसरं डुबुक्. प्रत्येक डुबुक्गणिक जीव भांड्यात पडायचा आणि पुढच्या पिंपाकडे वळताना भांड्यासकट बाहेर यायचा. सहाव्याला सदरा पाठीला चिकटला. आठव्याला त्याच्या लक्षात आलं, की आता उरली तीनच.

नववं पिंप काही बोललंच नाही.

बोटांखाली ते हलकं आलं, नको इतकं सहज. आत काहीतरी जड, दाट, एका बाजूला सरकायच्या बेतात थांबलेलं. काट्याची बोटं तिथंच थिजली. पिंप बोटभर कललेलं, आणि खाली ठेवायची छाती नाही. ठेवलं आणि आतली कोरडी कड ढासळली तर? न ठेवावं तर हात थरथरतोय. त्यानं ते खाली आणलं ते कसं, हे विचारू नका. बायका झोपलेल्या बाळाच्या मानेखालून हात काढतात ना, त्याच्या दसपट हळू. तेवढ्या वेळात माणसाच्या दाढीचे केस पांढरे होतात म्हणतात. काट्यानं त्या दिवशी दाढी केलेली होती म्हणून बचावला.

पिंप टेकलं. आणि मग त्याला तो आवाज ऐकू आला. सूं. तळाकडून, भिंतीच्या बाजूनं. तो पालथा झाला, गाल फरशीला लावून पिंपामागे बघितलं. साबणाच्या गोळ्याला चीर गेली होती आणि त्या चिरेतून पिंप हवा आत ओढत होतं. बाहेर सोडत नव्हतं, ओढत होतं. वरचं झाकणही वाटीसारखं आत खचलं होतं. आतली भुकटी पिंपातली सगळी हवा खाऊन बसली होती आणि आणखी मागत होती. काट्यानं पत्र्याला हात लावला. बाकीची पिंपं पाण्यानं गार होती. हे तापलेल्या माणसाच्या कपाळासारखं होतं.

"भरलं," छतावरून थोरला ओरडला. "ऊन भरलं."

खाली टाक्यांचा सूर चढला. क्रेनची साखळी खडखडत गोदामात आली आणि तिच्यामागून मामा आला. काटा नवव्या पिंपाला पाठ लावून उभा राहिला. दाराजवळचं आधी घ्या, असं त्यानं खुणेनंच सांगितलं, कारण तोंडातून शब्द येत नव्हता. मामानं खांदे उडवले आणि पहिलं पिंप नेलं.

उघड्या दारातून काट्याला सगळं दिसत होतं. वहिनी टाकीच्या फळीवर उभी होती, तोंडावर काचेचा मुखवटा. पिंप वर आलं, झाकण निघालं, पिंप उलटं झालं आणि काळा ओला गाळ भदाभदा खाली पडला. वहिनी हातभर अंतरावर वाकून लांब दांड्यानं पिंपाची कड खरवडत होती. टाकीतून बुडबुडे उसळत होते. काट्यानं डोळे मिटले, तर डोळ्यांच्या आत त्याला टीपकागद दिसला. त्याला भोक पडत होतं, आणि भोकाच्या जागी काचेचा मुखवटा होता.

मग त्याच्या डोक्यात एक विचार आला, आणि तो इतका सोपा होता की त्यालाच घाम फुटला. दहाच आली होती म्हणायचं. मोजणारा आपण. अकरावं चुकून आलंय, परत पाठवायचंय, बाजूला ठेवा. वहिनी एका शब्दानं विचारणार नाही. काट्याच्या आकड्यावर ती डोळे मिटून विश्वास ठेवेल, आणि दिवसातून दहा वेळा या पिंपाजवळून जाईल. उद्याही जाईल, परवाही. ते सूं करत बसलेलं असेल. काट्याला आजवर पुष्कळ गोष्टींची भीती वाटली होती: थोरल्याची, विंचवाची, चारचौघांत हसं होण्याची. पण आपल्यावर कुणीतरी डोळे मिटून विश्वास ठेवेल याची भीती त्याला पहिल्यांदाच वाटली, आणि ती बाकी सगळ्यांना पुरून उरली.

त्यानं हाक मारायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. आवाज गुडघ्यांपर्यंत उतरला होता आणि वर यायला तयार नव्हता. मामानं दुसरं पिंप नेलं, तिसरं नेलं. मागे फट् असं काहीतरी वाजलं. उबेनं मऊ झालेला साबण आत ओढला गेला होता आणि सूं मोठा झाला होता. काटा भिंत आणि पिंप यांच्या फटीत घुसला, फरशीवर फतकल मारली आणि भोकात अंगठा घातला. आवाज थांबला. अंगठा मात्र आत ओढला जाऊ लागला.

चौथ्या खेपेला मामा आला आणि हे ध्यान बघून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "काय काटेराव, पिंपाला अंगठा चोखायला देताय का? रडत होतं वाटतं."

काट्याचे ओठ हलले. मामा वाकला. मग काट्यानं जे सांगितलं ते कुजबुजीपेक्षाही हळू होतं, पण मामाला पुरलं.

"वहिनीला बोलवा. हे मी कोरडं केलंय."

मामाच्या तोंडावर हसू होतं, ते तसंच राहिलं; काढून ठेवायचं त्याला सुचलंच नाही. ते हसू घेऊनच तो पळत गेला.

वहिनी आली ती ओरडली नाही, हेच काट्याला सगळ्यात भयंकर वाटलं. तिनं मुखवटा वर केला, उकिडवी बसली आणि पत्र्याला उलटा हात लावून बघितला.

"कधी?"

"पावणेआठला."

"पाणी किती गेलं?"

"साडेतीन बादल्या."

"झाकण कुणी आवळलं?" मी, असं मामा म्हणाला. "देवासारखा धावलास," ती म्हणाली. "सैल असतं तर मघाशीच पेटलं असतं." मग ती काट्याकडे वळली. इतकी वर्षं भावजी आणि तुम्ही म्हणणारी वहिनी त्या दिवशी एकदम ‘तू’वर आली. "अंगठा काढू नकोस. काही झालं तरी काढू नकोस."

गोदामाच्या पलीकडच्या टोकाला, टाक्यांच्याही पुढे, पत्रे धुवायचा पाण्याचा हौद होता, छातीइतका खोल. पिंप उभंच्या उभं त्यात बुडवायचं आणि झाकण पाण्याखाली उघडायचं, असं तिनं ठरवलं. पण क्रेनचा रूळ टाक्यांवरूनच जात होता. आणि टाक्या भर करंटवर असताना क्रेन गोगलगायीसारखी चालायची, कारण दोघींचं विजेचं ताट एकच.

"टाक्यांचा करंट तोड," ती मामाला म्हणाली.

मामा चाचरला. पत्र्यांवर तीन दिवसांच्या उन्हाचं निकेल चढलं होतं. मध्येच करंट तोडला तर त्याचे पापुद्रे निघतील आणि सगळं पुन्हा हिरव्या पाण्यात जाईल.

"जाऊ दे. तोड."

मामानं खटका ओढला. टाक्यांचा सूर बसला, बुडबुडे विरळ झाले, नुसते पंखे घोंगावत राहिले. त्या शांततेत छतावर थोरल्याचे हात थांबल्याचंसुद्धा ऐकू आलं.

पिंपाला पट्टा बसला, साखळी ताणली गेली आणि पिंप जमिनीवरून चार बोटं उचललं गेलं. पिंपाबरोबर काटाही उठला. उठावंच लागलं, अंगठा आत होता. कमरेत वाकून, एक हात पिंपाच्या पोटाला आणि एक तळाला, असा तो खेकड्यासारखा तिरपा चालू लागला. मामा क्रेनवर, वहिनी मुखवटा खाली ओढून पुढे उलटी चालत, पिंपावर डोळे लावून. चाळीस पावलं होती. वहिनी नंतर चाळीसच म्हणायची. काट्यानं मोजली ती चारशे भरली, आणि मोजणीत काटा चुकत नाही.

पहिल्या टाकीपाशी पिंप काठावरून न्यायला वर घ्यावं लागलं. काटाही फळीवर चढला. खाली हिरवट काळं पाणी अजून कुठं कुठं फुटफुटत होतं. पिंप किंचित झुललं. आत काहीतरी घसरलं, वाळूची मूठ पत्र्यावरून घसरावी तसं, आणि पत्रा त्याच्या तळहाताखाली एकदम तापला. अंगठ्याची कातडी भाजल्याचं त्याला कळलं. ओरडला नाही, आवाज अजून गुडघ्यांतच होता. पिंप थांबलं. वहिनी थांबली. तिच्या मुखवट्यात काट्याला स्वतःचं तोंड दिसलं, आणि त्याच्या मागे तिचे डोळे. तेव्हा त्याला कळलं की तीही घाबरली आहे, आणि आतापर्यंत जी भीती तो एकट्याची समजून बाळगून होता ती दोघांची झाली. निम्मी मात्र झाली नाही. दुप्पट झाली.

"श्वास घे," ती म्हणाली. "आणि चल."

हौदाशी आल्यावर पिंप खाली जाऊ लागलं. काट्याचा हात मनगटापर्यंत पाण्यात गेला, मग कोपरापर्यंत, मग खांदा, मग हनुवटी. पत्र्याला पाणी लागताच चर्र असा आवाज झाला आणि वाफेचा एक पुंजका वर आला. पाणी झाकणाच्या वर चढलं. "आता सोड," वहिनी म्हणाली. काट्याला सोडता येईना. अंगठा सुजून भोकात बसला होता. तिनं पाण्यात हात घालून त्याचं मनगट धरलं आणि पिरगाळून ओढलं. मग लांब चावीनं पाण्याखालीच झाकणाचं कडं फिरवलं.

भक् करून एकच बुडबुडा वर आला, कलिंगडाएवढा. पाणी करडं झालं. बराच वेळ आत तडतडत राहिलं, मग तेही थांबलं.

 मामाच्या तोंडावरचं ते हसू तेव्हा कुठं उतरलं, आणि तो खाली बसला.

शिडीवरून थोरला आला. हातात काचा पुसायचं फडकं. बंद टाक्या बघितल्या, पापुद्रे सुटलेले पत्रे बघितले, हौदातलं पिंप बघितलं. "कुणी?" एवढंच विचारलं.

"मी," काटा म्हणाला. आश्चर्य म्हणजे या वेळी आवाज आला. मग पावणेआठपासूनचं सगळं त्यानं सांगितलं: पाणी, भोक, साबण, फुली, आणि दहाच होती म्हणायचा विचार आला होता तेही. ते कुणाला कळलं नसतं, पण सुरुवात केल्यावर त्याला थांबता येईना. मग दादा म्हणून हाक न मारता तो फाटकाकडे चालू लागला.

"कुठं निघालात?" वहिनी म्हणाली. ‘तुम्ही’ परत आलं होतं, पण आवाज कापत होता. "साडेदहाला मी समोर बसले होते. दीड तास लावलात तुम्ही सांगायला, ते मी विसरणार नाही. पण या पिंपावर दोन दिवस पहारा लागेल. आत अजून धग आहे, पाणी कमी होता कामा नये. तुमच्याइतका घाबरलेला माणूस मी आता कुठून आणू?"

काटा थोरल्याकडे बघत राहिला. थोरला वळून शिडीकडे गेला.

काट्याला अंगठ्याला मलम लावून मिळालं, एक बादली मिळाली. तो हौदाच्या काठावर बसला. वारा आला आणि पाणी हललं की त्याला ते कमी झाल्यासारखं वाटायचं, आणि तो नळावरून बादलीभर आणून ओतायचा. दुपारी तीनपर्यंत हौद भरून वाहायला लागला, मामाच्या चपला तरंगत दारापर्यंत गेल्या, तरी तो ओतत होता.

ऊन उतरल्यावर थोरला छतावरून आला आणि समोर उभा राहिला. काटा सावरून बसला. थोरल्यानं हौदात वाकून बघितलं. मग काट्यानं त्याचे हात बघितले. फडकं पिळतात तसे तो ते एकमेकांत पिळत होता आणि तरी ते थरथरायचे थांबत नव्हते. वहिनी जिथं फळीवर उभी असते तिकडे त्यानं एकदा बघितलं आणि लगेच मान फिरवली.

"सरक," तो म्हणाला आणि काठावर बसला.  "पाणी कमी झालंय का रे?"

"नाही, दादा," काटा म्हणून गेला.

थोरला वाहत्या हौदाकडे बघत राहिला. "तरी घाल," तो म्हणाला.

काट्यानं बादली उचलली.